दादीचे नाव नातीला



आपल्या रत्नागिरीच्या राजिवड्यात म्हणा, मिरकरवाड्यात म्हणा किंवा खाडीपलीकडच्या एखाद्या गावात म्हणा, तीन पिढ्या एकत्र नांदणाऱ्या घरात घटकाभर बसा आणि घरातल्या बायकांची नावे विचारा. दादी असेल खतिजा, हलिमा नाहीतर हव्वा. सून असेल परवीन, नसरीन किंवा शबाना. आणि अंगणात खेळणारी नात? तिचे नाव पुन्हा मरियम, जैनब नाहीतर खदीजा! पुरुषांकडे वळलात तरी तोच प्रकार. आजोबा इब्राहिम, बाप जावेद किंवा फिरोज आणि पाळण्यातले बाळ पुन्हा इब्राहिम.

मधल्या पिढीने जी नावे जुनाट म्हणून बाजूला सारली, तीच आज हौसेने ठेवली जात आहेत. ही केवळ आपल्याच घरांतील गोष्ट आहे असे नाही. शेजारच्या हिंदू घरांतून सई, रमा, माधव ही नावे पुन्हा ऐकू येऊ लागली आहेत. तिकडे इंग्लंडमध्ये पणजोबांच्या काळातील आर्थर आणि पणजीच्या काळातील फ्लॉरेन्स ही नावे परत आली आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२३ साली जन्मलेल्या मुलांच्या नावांत तर 'मुहम्मद' हे नाव पहिल्या क्रमांकावर होते.

याला निव्वळ फॅशन म्हणून सोडून द्यावे काय? मला तसे वाटत नाही. नाव ही माणसाला मिळणारी पहिली मिळकत होय. ती कोठून येते, कशी बदलते आणि कोणाची नावे मागे उरतात, हा इतिहासाचा विषय आहे. आपल्या कोकण किनाऱ्यापुरता तो थोडक्यात पाहू.

हजार वर्षांपूर्वीचे एक नाव

पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे काही ताम्रपट सापडले. त्यांपैकी एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा हा लेख संस्कृतात असून एका ब्राह्मणाने संजाण येथे उभारलेल्या मठाला दिलेल्या दानाची हकीकत त्यात आहे. त्या वेळी संजाण मंडळाचा कारभार एका 'ताजिक' अधिकाऱ्याकडे होता. ताजिक म्हणजे अरब. लेखात त्याचे नाव 'मधुमती' असे दिले आहे आणि त्याच्या बापाचे नाव 'सहियारहार' असे आहे. मधुमती हे 'महंमद' या नावाचे संस्कृत रूप आणि सहियारहार म्हणजे 'शहरियार', असे अभ्यासकांनी मानले आहे.

या एका ओळीत पुष्कळ शिकण्यासारखे आहे. पहिली गोष्ट अशी, की नाव ज्या भूमीत जाते तिथल्या जिभेवर ते वळते. महंमदाचा मधुमती झाला, पण माणूस तोच राहिला. दुसरी गोष्ट त्याहून मौजेची आहे. शहरियार हे नाव फारसी आहे आणि महंमद हे अरबी. म्हणजे बापाचे नाव एका वळणाचे आणि मुलाचे दुसऱ्या वळणाचे, हा प्रकार कोकणात हजार वर्षांपूर्वीही होता! तेव्हा 'अमुक नावे आपली आणि तमुक परकी' असा वाद घालण्यापूर्वी आपण या ताम्रपटाची आठवण ठेवावी.

याच सुमारास, हिजरी ३०४ साली (इ. स. ९१६-१७), अरब प्रवासी अल-मसूदी सैमूर बंदरात, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील चौल येथे आला होता. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहिले आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले लोक होते, तसेच याच भूमीत जन्मलेलेही होते. त्यांच्या प्रमुखाचे नावही त्याने नोंदवले आहे. अबू सईद मारूफ बिन झकरिया. आज आपल्या शाळांच्या पटावर झकरिया हे नाव पुन्हा दिसू लागले आहे. या किनाऱ्यावर ते नाव नवे नाही, हे आता आपल्या ध्यानात येईल.

मुलींच्या तेरा शाळा, नाव एकीचेही नाही

आणखी एक प्रवासी घ्या. इब्न बतूता हा चौदाव्या शतकाच्या चौथ्या दशकानंतर याच किनाऱ्याने दक्षिणेस गेला. होन्नावर येथे त्याने मुलींच्या तेरा आणि मुलांच्या तेवीस शाळा पाहिल्या, आणि तेथील स्त्रियांना कुराण मुखोद्गत असते असे कौतुकाने लिहून ठेवले. साडेसहाशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर मुलींच्या तेरा शाळा! शिक्षणाचे कार्य करणाऱ्या प्रत्येकाने अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट आहे. परंतु थोडे थांबा. तेथील सुलतानाचे नाव जमालुद्दीन होते, हे इब्न बतूताने लिहिले. त्या तेरा शाळांत शिकणाऱ्या किंवा शिकवणाऱ्या एकाही स्त्रीचे नाव त्याने लिहिले नाही.

आपल्या जिल्ह्यात दाभोळच्या बंदरावर एक देखणी दगडी मशीद उभी आहे. ती १६५९-६० च्या सुमारास विजापूरच्या शहजादी आयेशा बीबीने बांधली, असे सांगितले जाते. एवढी मोठी वास्तू मागे ठेवली म्हणून त्या स्त्रीचे नाव निदान सांगितले तरी जाते. पण लोकांच्या तोंडी मशिदीचे नाव काय आहे? माँसाहेबा मशीद! आई लक्षात राहिली, आयेशा मागे पडली.

जुने कागदही हेच सांगतात. कोकणातील जुन्या दस्तऐवजांत पुरुषाचे नाव येते ते 'अमुक बिन तमुक' किंवा 'अमुक वल्द तमुक' असे. बाईचे नाव आलेच तर 'अमुक कोम तमुक' असे येते; कोम म्हणजे बायको. वारसाहक्काचा प्रश्न निघाला म्हणजेच बहुधा बायकांची नावे कागदावर चढत. घरोघरी जपून ठेवलेल्या वंशावळी काढून पाहा. बाप, मुलगा, नातू अशी पुरुषांची साखळी सरळ खाली उतरते. त्यांच्या आया, बायका, मुली त्यात क्वचितच सापडतात.

मग दादी-नानींची नावे टिकली कशी? ती टिकली नातींमुळे. दादी गेली की घरात जन्मलेल्या मुलीला तिचे नाव ठेवायचे, हा रिवाज अनेक घरांतून होता. कागदावर जागा मिळाली नाही, म्हणून पाळण्यात जागा करून दिली. मुलाला आजोबांचे नाव ठेवले की सून ते नाव तोंडाने घेत नसे; सासऱ्याचे नाव कसे घ्यायचे? म्हणून ती मुलाला बावा, दादा, बाबू अशी हाक मारी. बावामियाँ, दादामियाँ अशी नावे अनेक घरांत ऐकू येत, त्यांच्यामागे हा अदबीचा भाग होता.

नर्गिस आणि फातिमा

मग ही साखळी मध्येच तुटली का? याचे उत्तर शिक्षणात आणि करमणुकीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू छापखाने वाढले. लाहोरचे 'तहजीब-ए-निस्वाँ' १८९८ साली, अलीगढचे 'खातून' १९०४ साली आणि दिल्लीचे 'इस्मत' १९०८ साली निघाले. ही नियतकालिके खास स्त्रियांसाठी होती. उर्दू शाळा, कादंबऱ्या, पुढे रेडिओ आणि चित्रपट यांतून फारसी वळणाची नाजूक नावे घरात आली. परवीन म्हणजे कृत्तिका नक्षत्र, यास्मीन म्हणजे चमेली, नसरीन म्हणजे रानगुलाब, जावेद म्हणजे चिरंजीव, फिरोज म्हणजे विजयी. नावे खरोखरच सुंदर होती. शिकू लागलेल्या पिढीला वाटले, आपली मुले नव्या काळातली आहेत, त्यांची नावेही नवी हवीत. यात चुकीचे काहीच नव्हते.

गंमत पाहा. नर्गिस हे नाव चित्रपटामुळे घरोघरी पोचले. पण त्या अभिनेत्रीचे मूळ नाव होते फातिमा रशीद! दिलीपकुमार हे १९४४ च्या 'ज्वार भाटा' या चित्रपटातून पडद्यावर आले. त्यांचे मूळ नाव युसूफ खान. ज्या काळी पडद्यासाठी फातिमा आणि युसूफ ही नावे बाजूला ठेवली गेली, त्या काळी घराघरातूनही ती मागे पडू लागली होती. आज नर्गिसच्या मुलीची मुलगी पुन्हा फातिमा आहे आणि शेजारच्या घरात युसूफ रांगू लागला आहे.

हे परतणे कशामुळे झाले? एक कारण उघड आहे. १९७३ नंतर आखातात तेलाचा पैसा वाढला आणि कोकणातील तरुण हजारोंनी तिकडे गेले. तेथे अरबी नावे रोजच्या व्यवहारात ऐकली. खतिजा हे आपण अडाण्याचे नाव समजत होतो, ते तेथे डॉक्टरीणबाईंचे आणि शिक्षिकेचे नाव आहे, हे त्यांनी पाहिले. दुसरे कारण असे, की कुराणाची भाषांतरे आणि चरित्रग्रंथ घरोघरी वाचले जाऊ लागले. कुराणात नावाने उल्लेखिलेली एकमेव स्त्री मरियम होय, आणि एका संपूर्ण अध्यायाला तिचे नाव आहे, हे वाचल्यावर ते नाव कोणाला जुनाट वाटेल? तिसरे कारण मनाचे आहे. मुंबई, कुवेत, केप टाउन अशा दूरच्या ठिकाणी राहणाऱ्याला गावच्या घराची ओढ लागते. घर बंद पडते, पण दादीचे नाव बरोबर नेता येते.

आपल्या शेजाऱ्यांचेही एक उदाहरण बोलके आहे. कोकणातील बेने इस्राएल समाजात शमुवेलचे समाजी आणि यहेज्केलचे हसाजी झाले होते. मुंबईत १७९६ साली त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधणारे गृहस्थ समाजी हसाजी दिवेकर याच नावाने ओळखले जात. पुढे शिक्षण वाढले, धर्मग्रंथ वाचनात आले आणि त्या समाजात सॅम्युएल, एझिकेल ही मूळ वळणाची नावे परत आली. दिवेकर हे गावावरून आलेले आडनाव मात्र तसेच राहिले. आपल्याकडे पारकर, सोलकर, काझी, खतीब, मुकादम, सारंग ही आडनावे अशीच पाय रोवून आहेत. गाव आणि हुद्दा आडनावात राहिला. काळाचा वारा लागतो तो पहिल्या नावाला.

नावाची लाज आणि नावाचा अहंकार

आता विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याशी दोन शब्द. वर्गात हजेरी घेताना एखादी हलिमा किंवा हव्वा 'हजर' म्हणते आणि मागच्या बाकावर खसखस पिकते, असा प्रसंग तुम्ही पाहिला असेल. अशी मुलगी घरी जाऊन 'माझे नाव बदला' म्हणून रडते. तिला कोणी सांगितलेले नसते, की हलिमा हे पैगंबरसाहेबांना लहानपणी दूध पाजून वाढवणाऱ्या माउलीचे नाव आहे. खदीजा ही मक्केतील मोठी व्यापारी स्त्री होती, हेही सांगितलेले नसते. सावित्रीबाई फुले यांनी १८५६ साली जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे, हे त्या हसणाऱ्या मुलांनाही ठाऊक नसते. नावाची लाज ही बहुतेक वेळा माहिती नसल्याची लाज असते. ती दूर करणे हे शाळेचे काम आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. जुनी नावे परत आली म्हणून काही लोक परवीन, शहनाज, जावेद या नावांना कमी लेखू लागले आहेत. हेही योग्य नव्हे. पैगंबरसाहेबांनी काही लोकांची नावे बदलली, हे खरे आहे. आसिया, म्हणजे अवज्ञा करणारी, असा अर्थ असलेल्या नावाच्या स्त्रीला त्यांनी जमीला हे नाव दिले. पण बदलण्याचे कारण वाईट अर्थ हे होते. खदीजा, उमर, हमजा ही नावे इस्लामपूर्व काळातच ठेवलेली होती; ती तशीच राहिली. हझ्न, म्हणजे खडबडीत, अशा नावाच्या गृहस्थांना त्यांनी सहल, म्हणजे सोपा, हे नाव सुचवले. बापाने ठेवलेले नाव मी बदलणार नाही, असे ते गृहस्थ म्हणाले आणि त्यांचे नाव तेच राहिले. तेव्हा आईचे नाव परवीन असेल तर मुलीने ते अभिमानाने सांगावे. अर्थ चांगला आहे, एवढे पुरे.

कागदावरचे नाव

पालकांनो, नाव प्रेमाने ठेवा, पण लिहिताना सावध राहा. येथे थोडी व्यवहाराची गोष्ट सांगतो. दादी होती खतिजा; नातीचे नाव आपण अरबी उच्चाराप्रमाणे खदीजा लिहितो. आजोबा होते इसूफ; नातू झाला युसूफ. घरात दोन्ही एकच, पण कचेरीत ती दोन वेगळी माणसे ठरतात. 'मोहम्मद' हे नाव इंग्रजीत चार-पाच प्रकारे लिहिले जाते. 'अब्दुल रहमान' मधले नुसते 'अब्दुल' शाळेत चढते आणि 'रहमान' पारपत्रावर वेगळे पडते. वास्तविक अब्दुल हे अर्धेच नाव आहे. त्याचा अर्थ केवळ 'चा दास' एवढाच होतो. कोणाचा, हे पुढचा शब्द सांगतो. एका अक्षरापायी नोकरी, व्हिसा किंवा वारसाचा दाखला अडून राहिल्याच्या हकीकती आपल्यापैकी अनेकांनी ऐकल्या आहेत. माझ्या नात्यातल्या एका घरी बापाच्या नावातल्या ऱ्हस्व-दीर्घाने एका कचेरीचे आठ महिने हेलपाटे घालायला लावले.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. जन्माची नोंद झाल्यावर बाळाचे नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येते; त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. तेव्हा घाईने 'बाबू' लिहून येऊ नका आणि आळसाने रकाना रिकामाही ठेवू नका. दुसरी गोष्ट, या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून ती अमलात आली असून, त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा आहे. त्यावरचे अक्षर आयुष्यभर पुरणार आहे. अकीक्याच्या दिवशी घरातल्या जाणत्या माणसांनी बसून मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांतील नाव एका कागदावर लिहावे आणि सर्वत्र तेच वापरावे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला, की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचे नाव शासकीय कागदपत्रांत लिहिताना आधी मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम असेल. संजाणच्या ताम्रपटात मधुमतीच्या बापाचे नाव आहे, आईचे नाही. अकराशे वर्षांनी आपल्या नातवंडांच्या नावाच्या ओळीत आई येऊन बसली आहे. आजवर दादीचे नाव जपायला नातीच्या पाळण्याखेरीज जागा नव्हती. आता कागदावरही जागा झाली आहे.

एक छोटेसे काम

शेवटी विद्यार्थ्यांना एक काम सांगून मी रजा घेतो. सुट्टीच्या दिवशी एक कोरा कागद घ्या. त्यावर आईवडिलांची दोन नावे लिहा. त्याखाली दादा-दादी आणि नाना-नानी यांची चार. त्याखाली त्यांच्या आईवडिलांची आठ. आठांपैकी पुरुषांची चार नावे बहुधा कागदपत्रांतून मिळतील. पणजींच्या चार रकान्यांपाशी मात्र तुमचा हात थांबेल. तेव्हा दादीजवळ जाऊन बसा आणि विचारा, 'दादी, तुमच्या आईचे नाव काय होते? त्यांना घरात काय म्हणत?' ती ज्या उच्चाराने सांगेल त्याच उच्चाराने लिहा. इब्राहिमचे इब्राम म्हणाली तर इब्राम लिहा. शेजारी हवे तर शुद्ध रूप द्या. मधुमतीमुळेच आपल्याला महंमद सापडला, हे विसरू नका.

हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका. ही नावे सांगणारी माणसे आता घरोघरी एखाददुसरीच उरली आहेत. त्यांच्याबरोबर ती चार नावे गेली, तर कोणत्याही कचेरीतून त्यांची नक्कल मिळणार नाही. आणि पुढे तुमच्या घरी पाळणा हलेल तेव्हा नाव शोधायला दूर जावे लागू नये, म्हणून हा कागद कुराणशरीफच्या कपाटात जपून ठेवा.